तंटामुक्त कादंबरी

मोहाडी तालुक्यातल्या एका गावात चंद्रकुमार नावाच्या इसमाने कादंबरी लिहिली. गावाचं नाव येथे देता येत नाही, कारण नाव दिलं की समिती बसते. समिती कोणती आणि ती कशी बसते, हे पुढे येईलच.

चंद्रकुमारचं बसस्टँडजवळ कृषी केंद्र होतं. युरियाच्या पोत्यांवर बसून गाव जे बोलायचं, ते तो काउंटरमागे बसून पावतीपुस्तकाच्या कोऱ्या बाजूला उतरवून घ्यायचा. मोठ्या लेखकांना समुद्र किंवा हिमालय प्रेरणा देतो म्हणतात. चंद्रकुमारला ती युरियाने दिली. खताचा तुटवडा पडला की लोक जास्त वेळ बसत आणि जास्त कडू बोलत, त्यामुळे कादंबरीतली सर्वांत चांगली प्रकरणं तुटवड्याच्या हंगामातली आहेत.

कादंबरीचं नाव ‘उघडं तुडुम’. तलावातून शेतात पाणी सोडायची जी दगडी मोरी असते, ते तुडुम. कथानक असं, की सारं गाव मंडईच्या जत्रेत दंडारीचं लोकनाट्य पाहण्यात गुंग असताना एक बडा शेतकरी गुपचूप तुडुम उघडतो आणि उशिरा पिकणाऱ्या भारी धानाला लागणारं शेवटचं पाणी आपल्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, घेतो. खालच्या अंगाला गोमती नावाच्या मुलीचं धान वाळतं. शेवटच्या पानावर गोमती जाते. लिहिताना चंद्रकुमार स्वतः रडला होता आणि एका गिऱ्हाइकाला तणनाशकाऐवजी टॉनिक देऊन बसला होता.

प्रकाशकांनी कळवलं की मातीतलं साहित्य त्यांना मनापासून आवडतं, परंतु यंदाची माती भरली आहे. एकाने छपाईचा खर्च लेखकानेच उचलावा असं सुचवलं. खर्च आपणच करायचा तर नाव दुसऱ्याचं कशाला, असा विचार करून चंद्रकुमारने ‘हर्षा प्रकाशन’ स्थापन केलं. हर्षा ही त्याची बायको, आणि मोडलेली मुदत ठेव तिच्या नावावर होती.

पुस्तक भंडाऱ्याच्या एका छापखान्यात झालं. छापखान्याचा मुख्य धंदा लग्नपत्रिकांचा. मालकाने कादंबरी पत्रिकेच्याच फाइलवर चढवली आणि पत्रिकेचा मजकूर काळजीपूर्वक काढून टाकला, फक्त शेवटची ओळ राहिली. त्यामुळे शेवटच्या पानावर गोमती प्राण सोडते आणि तिच्याखाली वेलबुट्टीत छापलेलं आहे : ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं! – चि. बंटी.’

गठ्ठे सोडल्यावर हे चंद्रकुमारच्या ध्यानात आलं आणि तो दोन वेळ जेवला नाही. मग हर्षानेच समजूत घातली, की जो कोणी पुस्तक शेवटपर्यंत वाचेल तो हे विचारल्याशिवाय राहणार नाही. म्हणजे खरा वाचक आपोआप कळेल. तेव्हापासून चंद्रकुमार त्या एका प्रश्नाची वाट पाहू लागला. पैसा नको, पुरस्कार नको. कोणीतरी दुकानात यावं आणि लग्न कोणाचं म्हणून विचारावं.

प्रकाशन मंडईत झालं. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. जावई येतात, दंडार होते, आणि माइक आहे म्हणून भाषणंही होतात. दंडार संपता संपता, लोक उठायच्या आत पुस्तक उघडायचं ठरलं. प्रमुख पाहुणे गावातले मोठे धानवाले भैय्याजी होते. ते उशिरा आले. त्यांचा पायजमा गुडघ्यापर्यंत ओला होता. असं पुस्तक शंभर वर्षांत झालं नाही, असं त्यांनी पुस्तक उलटं धरून सांगितलं. नंतर चंद्रकुमार बोलायला उभा राहिला, आणि आभार मानण्याच्या भरात त्याच्या तोंडून एक वाक्य निघून गेलं : “माझी सगळी पात्रं, माझ्या सगळ्या प्रेरणा, आज माझ्यासमोर बसल्या आहेत.”

सतरंजीवरचं गाव एकदम ताठ बसलं.

दुसऱ्या दिवसापासून प्रती खपू लागल्या. वाचायला कोणी घेत नव्हतं. आपण कुठे आहोत ते शोधायला घेत होते. गोमती आपल्यावरून घेतली असं सांगणाऱ्या बाया दुकानात येऊ लागल्या. त्यांत सत्यभामाबाई सर्वांत ज्येष्ठ. गोमतीचे डोळे टपोरे आहेत हे त्यांना नातीने वाचून दाखवलं होतं. “माहेच डोळे होत ते,” त्या म्हणाल्या. “आता मोतीबिंदू आहे, ते सोड. पन मले मारलं काहून?” त्यांच्या मुलाचं म्हणणं होतं की म्हातारीचं पेन्शन चालू आहे, छापील मरण कोणी तहसिलीत नेऊन दाखवलं तर?

पाणी चोरणारा बडा शेतकरी मात्र आपल्यावरून घेतला, असं सांगायला कोणी आलं नाही. तो कोणावरून घेतला याबद्दल गावात पूर्ण एकमत होतं. ते एकमत भैय्याजींच्या कानावर गेलं आणि त्यांनी तंटामुक्त समितीकडे अर्ज केला.

समितीचे अध्यक्ष तेजरामजी. गावाला तंटामुक्तीचा पुरस्कार मिळाला, त्याला आता बराच काळ लोटला होता. फलक अजून शाबूत होता आणि तेजरामजी तो दर पंधरा ऑगस्टला पुसत. भावाभावांच्या शेतांमधले धुरे, कोंबड्या, नळाची तोटी, सगळ्यांत त्यांनी समझोते घडवले होते. तंटा कोणता का असेना, मिटलाच पाहिजे, हे त्यांचं तत्त्व होतं. कोण बरोबर, हा विषय समितीच्या कक्षेत येत नव्हता.

चंद्रकुमारने विचारलं, “भैय्याजी, तुम्ही पुस्तक वाचलं का?”

“मी कायले वाचू? मले लोकाईनं सांगतलं.”

लोकांना विचारलं तर त्यांना दुसऱ्या लोकांनी सांगितलं होतं. समितीच्या सदस्यांनीही पुस्तक वाचलेलं नव्हतं, पण तेजरामजींनी खुलासा केला की वाचल्याने पूर्वग्रह होतो. त्यांची चिंता निराळी होती. “आपलं गाव तंटामुक्त होय,” ते म्हणाले. “अन् तुह्या पुस्तकात गावात तंटा चालू आहे. मिटला पन नाई, पोरगी मेली. उद्या तपासणीवाला येऊन वाचन तं?”

सबब कादंबरी तंटामुक्त करण्याचा ठराव झाला. गोमती मरणार नाही. तिचं धान वाळणार नाही. ती सर्व दावेदार बायांच्या दिसण्याप्रमाणे गोरी, सावळी, उंच व ठेंगणी असेल. भावजयीने तिला टोमणा मारल्याची तीन पानं दोन्ही घरच्या संमतीने रद्द झाली. एवढं केल्यावर कादंबरी प्रकरण तीनमध्ये संपू लागली, म्हणून उरलेल्या पानांवर शुभेच्छुकांचे फोटो घ्यायचं ठरलं.

राहता राहिला पाण्याचा प्रश्न. पाणी चोरीला गेलं नाही तर पुस्तकाचं नावच निरर्थक, आणि नाव बदलायला हर्षा तयार नव्हती. चोर शेजारच्या गावचा करावा म्हटलं, तर तिथे गावच्या लेकी दिलेल्या. सरकारी माणूस करावा, तर रस्त्याचं काम मंजुरीत अडकलेलं. मेलेला माणूस करावा, तर त्याची पोरं जिवंत. कोणीतरी खेकडा सुचवला. परंतु खेकड्यावर याआधीच पुष्कळ आरोप झालेले असल्याने त्यालाही माफ करण्यात आलं.

“मंग हाच राहिला,” तेजरामजी चंद्रकुमारकडे बोट दाखवून म्हणाले. “तंट्याचं मूळ हाच होय. अन् ह्याच्या बाजूनं कोनी भांडाले येनार नाई.”

“माझ्याजवळ शेतच नाही जी. मी पाणी कायले चोरीन?”

“थो कादंबरीचा प्रश्न होय, थो तू पाह्य.”

चंद्रकुमारने सही केली. सुधारित आवृत्तीत चंद्रकुमार नावाचा दुकानदार मंडईच्या दिवशी तुडुम उघडतो, आणि का उघडतो हे कुठेच आलेलं नाही. आवृत्ती हातोहात गेली. प्रत्येक घरात एक प्रत, आणि प्रत्येक प्रतीत आपल्या फोटोचं एकच पान दुमडलेलं. मुलगी पाहायला पाहुणे आले की चहाआधी ते पान दाखवलं जाई. शेवटच्या पानावर चि. बंटी अजूनही मामाच्या लग्नाला बोलावत होता. चंद्रकुमारने ती ओळ आता मुद्दाम ठेवली होती. कोणी विचारलं नाही.

पुढची मंडई आली. दंडार रंगली, आणि तलावाचं पाणी एकदम पावलाभर उतरलं. खालच्या बांध्या कोरड्या राहिल्या. गावात नुसती कुजबुज झाली असती तर समितीला काही करता आलं नसतं. पण या खेपेला लेखी पुरावा होता. तेजरामजींनी कादंबरी टेबलावर ठेवली.

“हे कोनं लिवलं?”

“मीच लिहिलं.”

“पानी कोनं चोरलं म्हून लिवलं?”

“तुम्हीच लिहायला लावलं जी.”

“सही कोनाची होय?”

सही चंद्रकुमारचीच होती. तरी समिती निष्पक्ष असल्याने त्याची बाजू ऐकली गेली. तो म्हणाला, दंडारीच्या वेळी मी सगळ्यांसमोर पहिल्या रांगेत बसलो होतो, माझा फोटो ग्रुपवर आहे. फोटो पाहण्यात आला. तो बसलेलाच होता. यावरून असा निष्कर्ष निघाला की चंद्रकुमारचा कोणीतरी साथीदार असला पाहिजे. ज्याने हे पुस्तक शेवटपर्यंत वाचलं आणि त्याबरहुकूम तुडुम उघडलं, तोच तो.

म्हणून वाचकाचा शोध सुरू झाला. काल-परवापर्यंत ‘आम्ही पूर्ण वाचलं, काय लिहिलं आहे’ म्हणणारी माणसं समितीपुढे येऊन सांगू लागली की आपण एकही ओळ वाचलेली नाही. शिक्षकांनी सांगितलं की त्यांना वाचनाची सवयच नाही. वाचनालयाच्या सचिवांनी शपथेवर सांगितलं की त्यांनी तर कुठलंच पुस्तक वाचलेलं नाही. भैय्याजी म्हणाले, “साथीदार सापडाले पाह्यजे, नाई तं दुकानाचं लायसन रद्द करा म्हून आपन लिहू.” त्यांचा पायजमा ओलाच होता, तो दरवर्षी या सुमारास ओला असतो, हे आता कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. चंद्रकुमारला आठ दिवसांची मुदत मिळाली.

मुदतीतल्या एका दुपारी भैय्याजींची बायको रंभाबाई दुकानात आल्या. गिऱ्हाईक कोणी नव्हतं. त्यांनी उंदराचं औषध मागितलं, पिशवीत ठेवलं, आणि पदर सावरत विचारलं, “चंदरभाऊ, त्या बंटीच्या मामाचं लगन कवा होय जी?”

चंद्रकुमारच्या हातातली पावती तशीच राहिली.

“दोनी वाचली मी,” रंभाबाई म्हणाल्या. “पयली बरी होती. गोमती मेली त्या रोजी मले जेवन गेलं नाई. दुसरीत बिघडवलं तुमी. पन पयलीत बी एक सुटलं. मानूस एकटा तुडुम कसा उघडन? तलावाच्या पारीवर उभं राहून कोनी येते का, थे कोनीतरी पाहाले लागते ना.”

“कोण पाहते जी?”

“मीच पायतो.” त्यांनी पिशवी उचलली. “मले काहून नाई घेतलं पुस्तकात?”

एवढं बोलून त्या गेल्या. चंद्रकुमार युरियाच्या पोत्यावर बसून राहिला. हर्षाने सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, आत्ताच्या आत्ता समितीत जा, हे नाव सांग आणि लायसन वाचव. चंद्रकुमार निघाला, वळणापर्यंत गेला आणि परत आला. लायसन तर भंडाऱ्याला अर्ज करून कधीतरी पुन्हा मिळेल, असं तो म्हणाला. असा वाचक कुठे अर्ज करून मिळणार?

मुदत संपली तेव्हा त्याने समितीपुढे लिहून दिलं की आपल्याला एकही वाचक नाही. समितीने ते तत्काळ ग्राह्य धरलं, कारण लेखकांच्या बाबतीत ते विश्वसनीय असतं. साथीदार नसल्याने गुन्हा त्याच्या एकट्याच्या नावावर बसला आणि तंटा मिटला. दुकान सध्या बंद आहे. चंद्रकुमार तिसरी आवृत्ती लिहितो आहे. तिच्यात पारीवर एक बाई उभी आहे. फलक पुसून झाला आहे.

वाचकाचा शोध मात्र समितीने थांबवलेला नाही, आणि ही कथाही तिने मागवून घेतली आहे. ती इथपर्यंत कोणी वाचली, याची विचारणा तुमच्या दारावरही होऊ शकते. घाबरू नये. नुसती चाळली, असं सांगावं. आजवर ओळखीच्या प्रत्येक लेखकाला तोंडावर ‘पूर्ण वाचली’ म्हणत आलात. एकदा खरं बोलल्यासारखं होईल, आणि समितीचा लगेच विश्वास बसेल.