बारा टॅब आणि एक फोटो

“आठ दिवसांत बारा टॅब आणतो, नाहीतर सदाशिव हे नाव लावणार नाही!”

क्रांती चौकातल्या टपरीवर सदाशिवरावांनी असं ठणकावून सांगितलं, तेव्हा मित्रांनी मुकाट्याने चहा संपवला. वैजापूरला कचेरीत तीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झालेला हा माणूस एकदा भडकला की आवरत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

भडकायला कारणही होतं. चितेगावच्या कामगार वस्तीत त्यांच्या ओळखीच्या आवडाबाई आपल्या पत्र्याच्या खोलीत बारा मुलांना अभ्यासाला बसवत. शिष्यवृत्तीची परीक्षा महिन्यावर आलेली आणि सरावाच्या प्रश्नपत्रिका यायच्या फक्त मोबाइलवर. वर्गात मोबाइल एकच, तोही आवडाबाईंच्या मुलाचा; तो कामावर गेला की मोबाइलही कामावर! त्यांची नात संस्कृती एवढी हुशार, पण तिने अजून एकही प्रश्नपत्रिका पाहिलेली नव्हती.

सदाशिवरावांच्या शेजारच्या सोनियाने मदतीसाठी ऑनलाइन पान तयार केलं. मुलांचा फोटो मागवला. आवडाबाईंनी लगेच पाठवला.

आता फोटो म्हटल्यावर कोण मळक्या कपड्यांत उभं राहील? मुली लग्नातल्या घागऱ्यात, मुलं गॉगल लावून, सगळ्यांचे केस तेलाने चापूनचोपून बसवलेले, आणि पाठीमागे शेजारच्या मोतीरामकडून मागून आणलेली नवी कोरी मोटारसायकल!

पानावर टोमण्यांचा पाऊस पडला. “यांना टॅब? आम्हीच यांच्याकडून वर्गणी मागतो!” “गॉगल कुठून घेतला तेवढं कळवा.”

सदाशिवरावांचं डोकं फिरलं. त्यांनी एकेकाला कचेरीच्या भाषेत उत्तर दिलं: “आपणांस कळविण्यात येते की आपण अत्यंत नीच आहात.” ज्या दोघांनी पैसे दिले होते, त्यांनीही परत मागितले.

“काका, मुलांना जरा साधे कपडे घालायला सांगा ना,” सोनिया चाचरत म्हणाली. “थोडे जुने... फाटके.”

सदाशिवराव तिच्यावर खेकसले. मदत करायला माणसाला आधी दुसऱ्याची फाटकी चड्डी का बघावी लागते? पण सहा दिवस गेले होते आणि टॅब शून्य. शेवटी सोनियाला घेऊन ते चितेगावला गेले आणि खाली मान घालून आवडाबाईंना तेच बोलले.

“काय म्हन्ले?” आवडाबाई कडाडल्या. “रोज धुऊनपुसून शाळंत धाडते म्या पोरं! अन् तुमच्या टॅबासाठी त्यायला भिकारी करून दाखवू? तुमच्या नातवाचा असा फोटो टाकसाल का तुम्ही?”

“माझ्यावर कशाला ओरडता? मी त्यांच्यावर ओरडतोय!”

“ते हायेत का इथं? तुम्हीच हायेत!”

सदाशिवराव तणतणत वळले, ते थेट नालीत! उठताना सदरा पत्र्यात अडकून टर्रकन फाटला. एक चप्पल नालीतच राहिली, चष्म्याची काडी मोडली. चिखलाने माखलेले, अनवाणी, ते पायरीवर बसले आणि मोबाइल नाकाला लावून पानावरच्या शिव्या वाचू लागले.

सोनियाने मघापासून काढलेले वस्तीचे सगळे फोटो एकदम पानावर टाकले. त्यात पायरीवर बसलेल्या सदाशिवरावांचाही गेला.

अर्ध्या तासात पैशांचा ओघ सुरू झाला! “या आजोबांकडे बघवत नाही.” “या वयात शिकण्याची केवढी तळमळ!” “पहिला टॅब बाबांनाच द्या. आणि आधी जेवू घाला.”

तेवढ्यात पुण्याहून त्यांच्या मुलाचा, केयूरचा फोन. “बाबा! पेन्शन पुरत नाही तर मला सांगायचं ना! ऑफिसात सगळे बघतायत!”

सदाशिवराव संतापाने ताडकन उठले. “सोनिया, आत्ताच्या आत्ता काढ तो फोटो! मी काय भिकारी आहे?”

सोनियाने बोट पुढे नेलं, पण आवडाबाईंनी तिचा हात धरला.

“किती झाले गं?”

“दहा टॅबचे पैसे आलेत, मावशी.”

दारात संस्कृती उभी होती. ती नुसती सदाशिवरावांकडे बघत राहिली. ते पुन्हा पायरीवर बसले.

“राहू दे,” ते पुटपुटले.

आवडाबाईंनी त्यांना पाणी दिलं. मग दोन पावलं मागे सरून त्यांना नीट न्याहाळलं आणि सोनियाला खूण केली.

“सायेब, अजून एक फोटो काढू द्या. तोंड पुसू नका. दोन टॅब बाकी हायेत.”