टीमेकरचं नाक

मंगळवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी टीमेकर विजेकोन यांनी मूठभर चुरलेली पत्ती नाकाशी धरली आणि त्यांना कसलाही वास आला नाही. सोमवारीही आला नव्हता. रविवारी त्यांची सर्दी गेली होती. जाताना नाक घेऊन गेली.

श्रीलंकेतल्या हपुतळे गावाच्या वरच्या त्या चहाच्या कारखान्यात पत्ती मुरायची वेळ घड्याळावर ठरत नाही. धुकं आणि गारवा पाहून ती कधी तासात तयार होते, कधी दोन तास घेते. गवताचा वास जाऊन सफरचंदाचा आला की टीमेकर हात वर करतो आणि पत्ती भट्टीत जाते. हात लवकर गेला तर चहा कच्चा, उशिरा गेला तर पाणचट. आधीच्या टीमेकरचं नाक गेलं तेव्हा मॅनेजरनं आठवड्यात बंगला रिकामा करून घेतला होता. पुढच्या पावसाळ्यात त्या टीमेकरनं जगही रिकामं केलं.

विजेकोन यांनी झाडलोट करणाऱ्या पाक्यम्माला कोपऱ्यात गाठलं.

"पाक्यम्मा, तुला वास कळतो ना पत्तीचा?"

"बावीस वर्षं इथं झाडू मारतेय साहेब. वास नाही कळणार तर काय कळणार, इंग्रजी?"

"मग पत्ती झाली की नुसतं दोनदा खोकायचं. मी हात वर करीन."

"आणि खरंच खोकला आला तर?"

"दाबायचा."

"चांगलंय. नाक माझं, हुद्दा तुमचा."

दोन दिवस सुरळीत गेले. गुरुवारी कोलंबोहून चहाच्या लिलावघरातली सहा शिकाऊ मुलं चहा कसा होतो ते पाहायला आली. सोबत त्यांच्या मुख्य चहापारखी दे सेरम बाई. विजेकोन यांनी त्यांना आधी माळ्यावर नेलं. रात्रभर वारा खाऊन मलूल पडलेली पानं तिथं लांबच लांब पसरली होती. "निम्मं पाणी उडालं की पान मोडत नाही, नुसतं दुमडतं. मग ते यंत्रात पिळायचं," त्यांनी सांगितलं. खाली येईपर्यंत मुरवणीच्या खोलीत खिडकीतून धुकं शिरलं होतं. पलीकडची भिंत दिसत नव्हती.

"आत्ता कसला वास येतोय, सांगा बरं मुलांना," बाई म्हणाल्या.

"हिरवा," विजेकोन अंदाजानं म्हणाले.

"सर, मला तर सफरचंदासारखा येतोय," एक मुलगी म्हणाली.

"तुम्हाला भूक लागली असेल."

तेवढ्यात धुक्यातून, शेवटच्या मांडणीमागून, कोणीतरी दोनदा खोकलं. विजेकोन यांनी हात वर केला.

पाऊण तासानं पांढऱ्या कपांत चहा आला. दे सेरम बाईंनी फुर्रकन घोट ओढला आणि थुंकला. पुन्हा ओढला, तो मात्र गिळला.

"बारा वर्षांत चाखायचा घोट गिळला नव्हता मी," त्या म्हणाल्या. "शनिवारचाही नमुना पाठवा. अस्साच."

पाहुणे गेल्यावर विजेकोन पाक्यम्माचे आभार मानायला निघाले. भट्टीवरच्या कदिरेसननं अडवलं.

"पाक्यम्मा कुठली सर? ती काल संध्याकाळीच बंडारवेलला गेली. नातीचे कान टोचायचेत."

"मग खोकलं कोण?"

"आम्हाला काय माहीत? खोकला आला, पत्ती उचलली."

"माझा हात वर गेला म्हणून उचललीत ना?"

कदिरेसननं जरा संकोचून पायाकडं पाहिलं. "हात नंतर जातो सर. आम्ही मंगळवारपासून खोकल्यावरच चाललोय."

शुक्रवारी पाक्यम्मा परतली. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"कसा होता खोकला? सुका की ओला?"

"सुका. दुसरा जरा लांबवलेला."

पाक्यम्मानं झाडू भिंतीला टेकवला आणि पदर डोक्यावर घेतला. "मग मला सांगू नका आता खोकायला. जुन्या टीमेकर साहेबांसमोर मी कधी आवाज केला नाही."

त्या दिवशी ती खोकली नाही. खोकला मात्र झाला.

शनिवारी आठ वाजून बावन्न मिनिटांनी विजेकोन यांनी सवयीनं मूठ नाकाशी नेली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. वास येत होता! ओल्या गवताचा, स्वच्छ, कच्चा वास. अजून दहा मिनिटं तरी हवी होती. इतक्यात मांडणीमागून दोनदा खोकला आला.

"थांबा!" विजेकोन ओरडले. "कच्ची आहे अजून!"

पत्तीचा गाडा भट्टीकडं हललाही होता.

"कदिरेसन, टीमेकर मी आहे!"

"हो सर," कदिरेसन अदबीनं म्हणाला आणि गाडा ढकलत राहिला.

शेवटचा एक ट्रे विजेकोन यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवला. पाक्यम्मासुद्धा बाहेर निघून गेली. धुक्यात एकटेच उभं राहून त्यांनी दहा मिनिटं काढली. सातव्या मिनिटाला त्यांच्या खांद्यामागं कोणीतरी नापसंतीनं 'च्च्' केलं. त्यांनी मागं पाहिलं नाही आणि ट्रेही सोडला नाही.

दोन नमुने दोन पाकिटांतून दुपारच्या बसनं कोलंबोला गेले. एक खोकल्याचा, एक नाकाचा. कोणता कशाचा ते पाकिटांवर लिहिलेलं नाही, फक्त विजेकोन यांना माहीत आहे. सोमवारी दुपारी तीनपर्यंत दे सेरम बाईंचं उत्तर आलेलं नव्हतं.