म्हापणकरबाईंचा तोल

आमच्या बोरीवलीच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या म्हापणकरबाई दुधाच्या रांगेत एका पायावर उभ्या राहायच्या. हातात रिकाम्या बाटल्यांची जाळी, अंगावर पांढरी साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि त्यातला एक बूट हवेत. नवीन राहायला आलेल्या एका काकूंनी हात जोडून विचारलं होतं, "नवस आहे का हो?"

"नवस कसला? तोल!" बाई म्हणाल्या. "तुम्ही रांगेत नुसत्या उभ्या आहात. मी व्यायाम करतेय. दूध दोघींना एकाच वेळी मिळणार."

बाई मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवायच्या. पन्नाशीला आलेल्या, एकट्या, आवाजात शिट्टी मुरलेली. त्यांच्या मते जगात दोन प्रकारची माणसं होती, ताठ आणि पोक काढलेली. मी दुसऱ्या प्रकारात. सरकारी कचेरीत दिवसभर फायलींवर वाकून माझी पाठ धरायची. एकदा जिन्यात कण्हलो, ते बाईंनी ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला दाराची कडी वाजली.

"दिनकर, गच्चीवर ये. लुंगी नको."

गच्चीवर आम्ही सात-आठ जण असायचो. सोसायटीचे चेअरमन जावयाने दुबईहून आणलेली कपाळपट्टी बांधून यायचे. बाई म्हणाल्या, "घाम यायच्या आधीच पुसताय का?" त्यानंतर ती पट्टी कोणी पाहिली नाही.

बाईंचं सगळं शास्त्र चार गोष्टींत होतं. "वाकता आलं पाहिजे. धाप लागता कामा नये. पोट घट्ट हवं. आणि तोल हवा. तोल शेवटी सांगते, कारण तो जातो सगळ्यात आधी आणि माणसाला कळतं सगळ्यात उशिरा."

पहिल्याच दिवशी मी पायाचे अंगठे धरायला तीन-चार जोरदार झटके दिले. पाठीवर चापट बसली. "स्नायू म्हणजे गंजलेला नळ नाही, हिसडा मारला की उघडायला! आधी जागेवर चाल, अंग गरम कर. मग हळू वाक आणि जिथे ताण लागेल तिथे थांब. श्वास कुठाय? सोड तो! घरी नेऊन काय करणारेस?"

धावताना सतराचा पाढा म्हणायचा. पाढा धड म्हणता आला तर वेग बरोबर. सतरा साते म्हणताना दम तुटला तर वेग कमी करा. आणि पाढा चालीत गाता आला तर तुम्ही कामचुकार. चेअरमनना मुळात पाढाच येत नव्हता, त्यामुळे त्यांची अडचण दमाची की गणिताची, हे बाईंना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

पोटासाठी कोपरांवर आणि पायाच्या बोटांवर फळीसारखं आडवं राहायचं. "पोट म्हणजे शरीराचा नाडा," बाई सांगायच्या. "नाडा ढिला झाला की काय होतं, ते मी चारचौघांत बोलायला हवं का?"

माझी पाठ दोन महिन्यांत बरी झाली, हे मान्य करायला मला वर्ष लागलं.

त्या वर्षी आमचे अण्णा न्हाणीघरात घसरून पडले. अण्णा म्हणजे माझे वडील. गिरणीत आयुष्य उभ्याने काढलेला माणूस. मांडीचं हाड मोडलं, सळई घातली. काही महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, "हाड जुळलंय, आता चालवा." पण अण्णा खुर्चीतून उठेनात. माझी बायको सुनंदा हाताला धरून उठवायला गेली की दोन्ही हातांनी खुर्ची धरून बसायचे. दुखण्यापेक्षा भीतीच जास्त होती, पण तसं कबूल कोण करणार?

बाईंना कुठून कळलं कोण जाणे. एक दिवस चार वाजता शाळेतून थेट आमच्याकडे आल्या.

"उठा, अण्णा."

"माका आता खंय जावचा आसा?" अण्णा गुरगुरले.

"गॅलरीपर्यंत," बाई मालवणीत उतरल्या. "थंय उभे रवा आणि रस्त्यावरच्यांका गाळी घाला. हयसून कोणाक आयकाक येना नाय."

अण्णा इतके चकित झाले की उठलेच.

मग रोज चार वाजता बाई. पहिले काही दिवस खुर्चीच्या पाठीला दोन्ही हात लावून नुसतं उभं राहायचं. मग एक हात. मग एक बोट. बाई मागे दोन्ही हात पसरून उभ्या राहायच्या, एरवी कुणावर न उधळलेल्या मऊ आवाजात म्हणायच्या, "मी आहे. पडलात तर माझ्यावर पडाल." अण्णा शिव्या घालायचे, बाई परत करायच्या. ज्या दिवशी अण्णा बोट सोडून गॅलरीपर्यंत चार पावलं गेले, त्या दिवशी बाई घाईघाईने चष्मा पुसत स्वयंपाकघरात गेल्या आणि सुनंदाला म्हणाल्या, "चहा टाक गं. आलं घालून."

पुढे मे महिन्याची सुट्टी लागली. चारचे साडेतीन झाले, साडेतीनचे तीन. व्यायाम वीस मिनिटं आणि चहा तासभर.

जूनमध्ये शाळा उघडली आणि वेळ पुन्हा चारवर आली. तेव्हा एकदा मी रजा घेऊन घरी होतो. दुपारी पाहतो तर अण्णा खोलीच्या मधोमध, कशालाही न धरता एका पायावर उभे राहून पायजमा चढवत होते. एक पाय, मग दुसरा. निवांत.

चार वाजता बाई आल्या. "चला, उजवा पाय वर."

अण्णांनी पाय उचलला, बाईंनी दोन आकडे मोजेपर्यंतच हेलकावले आणि खुर्ची पकडली. बाईंनी झटकन त्यांचा दंड धरला.

"अजून कच्चा आहे तोल," बाई म्हणाल्या.

"व्हय," अण्णा म्हणाले. "पंधरा दिवस तरी लागतले."

मी तोंड उघडलं. अण्णांनी असं पाहिलं की मिटलं. बाई गेल्यावर मी विचारलं, "हे काय सोंग?"

"बरो झालंय म्हणान सांगू," अण्णा म्हणाले, "आणि उद्यापासून चार वाजता ती खंय जातली?"

मला राहून राहून वाटत होतं, बाईंना कळलं नसेल? पोटदुखीचं सोंग करणाऱ्या मुली त्या वर्गाच्या दारातूनच ओळखायच्या. दुसऱ्या दिवशी जिन्यात गाठलं. "बाई, अण्णांचा तोल खरंच…"

बाई दोन पायऱ्या वर जाऊन थांबल्या. मागे वळल्या नाहीत.

"कच्चा आहे म्हटलं ना," त्या म्हणाल्या. "तू मध्ये पडू नकोस."