न चाखणारी भागीदार

कंबर धरली म्हणून मी एक भागीदार शोधायचं ठरवलं. एवढंच. बाकी सगळं त्यातूनच वाढत गेलं.

आमच्या बांजारच्या, म्हणजे वस्तीच्या, देवळात उत्सव आला की नैवेद्याच्या तांदळाच्या वड्या मी करते. यंदा पुजारीणबाई म्हणाल्या, "हा उत्सव नीट पार पडला, तर वर्षभराचं काम तुमच्याकडेच." एकटीला ते झेपणारं नव्हतं. चांगली जोडीदारीण मिळावी म्हणून मी पौर्णिमेचे उपास बोलले. (माझे उपास इतके, की मी जेवायला बसले तर घरातले काळजीनं बघतात.)

"बाई आधी पारखून घे," आमचे हे म्हणाले आणि आपला कोंबडा कुरवाळायला गेले.

पारख सोपी होती. नैवेद्य चाखायचा नाही, हे आमच्याकडे पोरींनाही ठाऊक असतं. काम मागायला आलेल्या तिघींपैकी एकेकीला चुलीपाशी बसवलं, सारण ढवळायला दिलं आणि मी भाताच्या कणगीआड वाकून राहिले. सुकर्नीनं लगेच बोट चाटलं. पुस्पावतीनं बोट नाही चाटलं, उलथनं चाटलं. रेनिंगनं मात्र मान वर केली नाही. कमरेच्या जोडीला माझे गुडघेही गेले, पण भागीदार मिळाली.

उत्सवात वड्या देवापुढे ठेवल्या, पूजा झाली, प्रसाद वाटला. पहिला घास घेऊन पुजारीणबाई थांबल्या. मग पुजारी थांबले. मग सगळा मांडव पाण्याकडे निघाला.

नारळाच्या चवात मी साखरेऐवजी मीठ घातलं होतं. ओंजळीनं.

"रेनिंग, तू शेजारीच होतीस ना गं?"

"होते की ताई. बघत होते."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुमचा काही नवस असेल. मागे तुम्ही गूळ सोडलात, मग मिरची सोडलीत. म्हटलं, आता देवालाही साखर सोडायला लावताहेत."

मी पुजारीणबाईंपुढे हात जोडले. "बाई, काम तेवढं काढून घेऊ नका."

"काढत नाही," चूळ भरून त्या म्हणाल्या. "रेनिंगकडे देते. तुमचं काय करायचं, ते तिनं ठरवावं."

रेनिंगनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"घेते की ताईंना," ती अगदी मायेनं म्हणाली. "पण आधी थोडे दिवस केळीची पानं पुसायला देऊन बघते."