अर्धा कोबी आणि बाईसाहेब

सासऱ्यांनी घराची किल्ली जावयाच्या हातात ठेवली, पण सोडली नाही. एक टोक त्यांच्या चिमटीत, दुसरं जावयाच्या, आणि मधे सूचना.

"सकाळी चिमूटभर खाणं. चिमूट माझी, तुमची नव्हे. काचेवर टकटक नाही. आणि टाकीत नवीन काहीही टाकायचं नाही."

"नाही टाकणार, बाबा."

"गेल्या वेळी तुम्ही बल्ब बदलला होतात," सासरे म्हणाले आणि किल्ली सोडली. त्या बल्बनंतर अख्खा मजला दोन दिवस अंधारात होता, हे त्यांनी मोठ्या मनानं उच्चारलं नाही.

गुडघा बदलून घ्यायला ते तीन आठवडे हॉस्पिटलात निघाले होते. मागे राहत होत्या बाईसाहेब, म्हणजे मुठीएवढी, शेपटीकडून फिकी पडलेली अकरा वर्षांची गोल्डफिश. सासूबाईंनी आणलेली. त्या जाऊन चार वर्षं झाली होती, आणि सासऱ्यांना घरात बोलायला आता एवढंच एक माणूस उरलं होतं.

जावई पाणीपुरवठ्याच्या तक्रार निवारण कक्षात वीस वर्षं होता. तक्रार सोडवायची नसते, पुढे पाठवायची असते, हे शास्त्र त्याला पाठ होतं. पण सासऱ्यांनी एकदा तरी आपल्याला 'वा' म्हणावं, ही त्याची स्वतःची तक्रार लग्नापासून पडून होती. म्हणून तिसऱ्याच दिवशी त्यानं टाकीत एक हिरवंगार झाड आणून लावलं.

आठव्या दिवशी काचेवर एक गोगलगाय दिसली. दहाव्या दिवशी नऊ. बाराव्या दिवशी त्यानं मोजणं सोडलं आणि माशांचं दुकान गाठलं.

"झाड धुऊन लावलंत का?" दुकानदारानं विचारलं.

"पाण्यातलं झाड धुवायचं कशाला?"

दुकानदारानं त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं जावई वीस वर्षं लोकांकडे पाहत आला होता.

"औषध आहे, पण त्यात तुमची म्हातारी मासोळीही जाईल. त्यापेक्षा कोबीचं एक पान गरम पाण्यातून काढा, संध्याकाळी टाकीत ठेवा. सकाळी सगळ्या त्यावर जमतात. पानासकट उचला."

"आणि उचलून?"

"ते मला विचारू नका. मी शाकाहारी आहे."

पहिल्याच पानावर साठ जमल्या. मारायचं काही जावयाच्यानं होईना. त्यानं त्या बिस्किटांच्या रिकाम्या बरणीत भरल्या आणि घरी नेल्या.

"हे काय?" बायको म्हणाली.

"बाबांचं आहे."

"बाबांनी गोगलगाई पाळल्यात?"

"तात्पुरत्या."

"आणि फ्रीजमधला कोबी?"

"तोही त्यातच."

इथं जावयानं हिशेब मांडला. एका पानाला साठ, तर अर्ध्या कोबीला? शनिवारी संध्याकाळी त्यानं अर्धा कोबी टाकीत उतरवला. रविवार हॉस्पिटलात जाणार होता, म्हणून बाईसाहेबांना दोन दिवसांचं खाणं एकदम घातलं.

"बाईसाहेब?" सासऱ्यांनी पलंगावरून पहिला प्रश्न विचारला. मुलगी, जावई, गुडघा, सगळं नंतर.

"मजेत आहेत," जावई म्हणाला.

सोमवारी सकाळी त्यानं दार उघडलं आणि त्याला भरून आलं. एकूण एक गोगलगाय पाण्याबाहेर येऊन काचेच्या कडेला रांगेत बसली होती. सामुदायिक राजीनामाच तो. त्यानं फोटो काढून दुकानदाराला पाठवला. लगेच फोन वाजला.

"मासोळी कुठंय?"

"वर आलीय. माझ्याकडेच बघतेय, तोंड उघडून."

"बघत नाहीये, जीव गुदमरतोय तिचा. कोबी कुजला. पाण्यात हवा राहिली नाही. गोगलगाई तुम्हाला घाबरून नाही आल्या वर. बादली आहे का?"

पुढचे दोन तास दुकानदार गिऱ्हाइकं थांबवून फोनवर राहिला. कोबी बाहेर. पाणी थोडं काढा, थोडं घाला, एकदम ओतू नका. नळाच्या पाण्यात आधी टाकीशेजारच्या बाटलीतले क्लोरीन मारायचे थेंब टाका. दमलात का? मग जरा खाली बसा आणि पुन्हा उठा. अकराच्या सुमाराला बाईसाहेब हळूच तळाला गेल्या, एक फेरी मारली आणि जावयाकडे पाठ फिरवली. इतकी गोड पाठ त्यानं आयुष्यात पाहिली नव्हती.

तो फरशीवर बसला. गोगलगाई वर आल्या नसत्या तर खाणं टाकून तो ऑफिसला गेला असता. वीस वर्षांत ही पहिली तक्रार, जी निकालात निघाली होती. कोबी खायला बोलावून ज्यांना विष चारलं, त्यांनीच केलेली. त्यानं एकेक गोगलगाय चमच्यावर अलगद घेऊन बरणीत सोडली. उरलेल्या दिवसांत खडेसुद्धा धुऊन काढले.

सासरे वॉकर टेकत घरी आले ते थेट टाकीपुढे उभे राहिले. जावयाला राहवेना.

"बाबा, मी झाड लावलं. त्यातून गोगलगाई आल्या. बाईसाहेब जाता जाता राहिल्या."

सासऱ्यांनी काचेचे चारही कोपरे न्याहाळले.

"झाडातून नाही आल्या. तुमची सासू गेली त्या वर्षापासून आहेत. रोज सकाळी उभा राहून खड्यांतून दहा-पंधरा वेचतो मी. तुम्हाला सांगितलं नाही, टाकी सांभाळायला नाही म्हणाला असतात."

"म्हणालो असतो."

"आता एकही दिसत नाही."

"एकही नाही."

"चार वर्षांत मला जमलं नाही हे," सासरे म्हणाले. 'वा' यापेक्षा फार लांब नव्हता. पण मग त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. "डॉक्टर म्हणालेत, रोज सकाळी अर्धा तास उभं राहायचं. उभं राहून आता करू काय मी?"

जावयानं घसा खाकरला.

"त्या आहेत, बाबा. आमच्या जेवणाच्या टेबलावर."

"जिवंत?"

"रोज कोबी खातात."

सासऱ्यांनी वॉकरवरचा एक हात काढून जावयाच्या खांद्यावर ठेवला. आधारासाठी असावा, पण आधार मिळाल्यावरही काढला नाही.

"वीसेक आणा. मोठ्या बघून आणा, बारीक दिसत नाही हल्ली. आणि ते झाड राहू द्या. बरं दिसतंय."

वीस त्यानं दुसऱ्या दिवशी पोचवल्या. बाकीच्यांचं काय, असं बायको अधूनमधून विचारते. प्रकरण पुढे पाठवलंय, असं तो सांगतो आणि बरणीत ताजं पान टाकून ऑफिसला जातो.