एकाच गच्चीवर हलक्या सरी

नगराध्यक्ष आपल्या घराच्या अंगणात उभे राहून पाणी कसं वाचवावं हे सांगत होते आणि त्यांच्या पाठीमागे गच्चीवरून पाणी कोसळत होतं. समोर कॅमेरा होता. मुलाखत थेट दाखवली जात होती. "माझ्या घरी एक थेंबसुद्धा वाया जात नाही," असं साहेब छातीवर हात ठेवून म्हणाले, तेवढ्यात अंगणातला ओघळ वार्ताहराच्या बुटात शिरला.

"साहेब, हे वरून काय पडतंय?"

साहेबांनी वर पाहिलं, मग कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि हसले. पुढाऱ्यांचं हे असंच असतं. अडचणीत सापडले की आधी हसू येतं, अक्कल मागाहून येते.

झालं होतं असं, की गावाचा तलाव आटला होता आणि नळाला दिवसातून कधीतरी जेमतेम तासभर पाणी येत होतं. त्यात काही हुशार मंडळी नळाच्या पाइपाला मोटर लावून शेजाऱ्यांच्या वाटचं पाणी आपल्या टाकीत ओढून घेत. म्हणून साहेबांनी कडक हुकूम काढला होता: मोटर सापडेल तिथली मोटर आणि टाकी दोन्ही जप्त. हुकमावर सही करून साहेब घरी आले आणि आपली मोटर त्यांनी जिन्याखाली धुण्याच्या पाटीखाली झाकून ठेवली. त्या दिवशी सकाळी त्यांनीच ती चालू केली, आणि कॅमेरा आला या आनंदात बंद करायची राहून गेली. गच्चीवरची टाकी भरून वाहू लागली.

घरात या मोटरीला विरोध होता तो एकट्या आबांचा. आबा म्हणजे साहेबांचे वडील. "लोकांच्या तोंडचं पाणी ओढतोयस रे," असं ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते. स्वतः एका बादलीत अंघोळ उरकायचे आणि सकाळी फिरायला निघाले की वाटेतला प्रत्येक गळका सार्वजनिक नळ पिळून बंद करत जायचे. गल्लीतली पोरं त्यांना 'नळआजोबा' म्हणायची. ज्यांनी साहेबांना मत दिलं नव्हतं, तेसुद्धा आबांना बघून उठून उभे राहत.

असो. मुलाखत संपली आणि जनसंपर्क अधिकारी धावत आले. साहेबांनी काय बोलायचं ते हे लिहून द्यायचे.

"पाऊस म्हणू या," ते म्हणाले.

"अहो, कडकडीत ऊन होतं!"

"काही ठिकाणी हलक्या सरी, साहेब. वेधशाळेचं चालतं, मग आपलं का नाही चालणार?"

निवेदन गेलं. संध्याकाळी फाटकाबाहेर ही गर्दी! प्रत्येकाच्या हातात बादली. "साहेब, पुढची सर किती वाजता?" एकाने ओरडून विचारलं. साहेब पडद्याआडून बघत होते. त्यांचे कान लाल झाले.

"मग टाकी आपली नाहीच म्हणू," अधिकारी म्हणाले.

"माझ्याच गच्चीवरची?"

"गच्ची आपली, टाकी अज्ञात. कुणीतरी आणून ठेवली असेल."

दुसऱ्या दिवशी सकाळीच पाणीखात्याचे अभियंता चार माणसं घेऊन दारात हजर. मनुष्य भलताच आज्ञाधारक. "साहेब, गच्चीवर बेवारस टाकी असल्याचं आपणच जाहीर केलंत. आपल्याच हुकमाप्रमाणे न्यायला आलोय." आता नाही कसं म्हणणार? टाकी जिन्यातून खाली येऊ लागली. "साहेब, जरा हात लावल्यासारखं करा," छायाचित्रकार म्हणाला. साहेबांनी स्वतःच्या टाकीला हात लावला आणि ती स्वतःच्या घरातून बाहेर काढायला मदत केली. तेवढ्यात न्हाणीघरातून बायकोची हाक आली.

"अहो! पाणी गेलं! माझ्या डोक्याला साबण आहे!"

"बेवारस होतं ते," साहेब पुटपुटले.

"काय?"

"काही नाही. तसंच पूस."

एवढ्यावर निभावलं असतं. पण टाकीला पाइप होता, आणि अभियंता त्या पाइपाला धरून खाली उतरत उतरत जिन्याखालच्या धुण्याच्या पाटीपाशी येऊन थांबले. पाटी उचलली. खाली मोटर. तिच्यावर साहेबांचाच एक मोजा वाळत पडला होता.

"हीसुद्धा अज्ञात का, साहेब?" त्यांनी अगदी मनापासून विचारलं.

मोटर गेली आणि दिवाणखान्यात पुन्हा बैठक बसली. "आता घरातल्याच कुणीतरी आपल्या नकळत लावली, असं म्हणावं लागेल," अधिकारी म्हणाले. डोक्याला टॉवेल गुंडाळून बायको दारात येऊन उभी राहिली.

"माझं नाव घेऊन बघा. मी सरळ कॅमेऱ्यासमोर जाईन. मला बोलायला कुणी कागद लिहून द्यावा लागत नाही."

अधिकाऱ्यांची नजर तिच्यावरून घसरली ती कोपऱ्यातल्या रिकाम्या आरामखुर्चीवर गेली. आबा फिरायला गेले होते.

"साहेब, म्हातारं माणूस. लोक दोन दिवस चुकचुकतील आणि विसरून जातील."

"नको. आबा नकोत," साहेब म्हणाले. म्हणाले खरं, ते नाकारून चालणार नाही. पण इतक्या हळू म्हणाले, की ऐकायचं नसलेल्याला ते ऐकू येऊ नये. मग कागद समोर आला तेव्हा त्यांनी त्यातला एकच शब्द बदलला. 'म्हाताऱ्या' खोडून तिथे 'वयोवृद्ध' लिहिलं आणि कागद परत दिला.

नगरपालिकेची भोंगा लावलेली गाडी गल्लीगल्लीत फिरू लागली. "नगराध्यक्षांच्या घरातील एका वयोवृद्ध सदस्याकडून अनवधानाने..." गाडी कोपऱ्यावर आली तेव्हा आबा तिथल्या सार्वजनिक नळावर वाकून तो बंद करत होते. पाणी यायची वाट बघणाऱ्या बायकांनी गाडीकडे पाहिलं, मग आबांकडे पाहिलं. आबांनी नळ नीट बंद केला, हात धोतराला पुसले आणि घरी आले.

साहेब मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसले होते. आता आबा ओरडतील, काठी आपटतील, निदान घर सोडून जातो म्हणतील, असं त्यांना वाटत होतं. खरं सांगायचं तर त्यांना तेच हवं होतं. आबा आरामखुर्चीत बसले.

"अरे, त्या मोटरीचं बटण कुठल्या बाजूला होतं?"

"का, आबा?"

"लोक विचारतील ना. डावीकडे की उजवीकडे, एवढं तरी मला ठाऊक पाहिजे. नाहीतर उगाच तू खोटा पडशील."

साहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. गावाने बादल्या घेऊन हसावं, विरोधकांनी पोस्टर लावावीत, त्याचं एवढं काही वाटलं नव्हतं. पण हा माणूस आपल्या मुलाचं खोटं नीट पाठ करायला बसला होता. स्वयंपाकघराच्या दारातून बायको बघत होती, तिनेही मान वळवली.

"डावीकडे," साहेब कसेबसे म्हणाले आणि चपला न घालताच बाहेर पडले.

गाडी कोपऱ्यावरच उभी होती. नळाला पाणी आलं होतं, रांग लागली होती, मागून आबाही काठी टेकत येत होते. साहेबांनी गाडीतून माइक ओढून घेतला.

"साहेब, कागद! कागद घ्या!" अधिकारी धापा टाकत आले.

"कागद नको," साहेब म्हणाले आणि भोंग्यातून त्यांचा आवाज फुटला. "ऐका. मोटर मी लावली. चालू मी केली. बंद करायला मीच विसरलो. तुमचं पाणी मी ओढलं. आबांचा यात काही संबंध नाही. मी खोटं बोललो. मला लाज वाटते."

बादल्या भरायच्या थांबल्या. नळ तेवढा वाहत राहिला. साहेबांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि खूप दिवसांनी छातीवरचं ओझं उतरल्यासारखं त्यांना वाटत होतं.

"याला म्हणतात मुलगा!" रांगेतल्या निवृत्त मास्तरीणबाई डोळे पुसत म्हणाल्या. "बापाची चूक अंगावर घ्यायला काळीज लागतं."

टाळ्या पडल्या.

"अहो, तसं नाही! खरंच मीच! बटण डावीकडे आहे, लाल रंगाचं!"

"बघा, बापासाठी किती बारकाईने पाठ केलंय," कुणीतरी हुंदका देत म्हणालं.

साहेब जितकं शपथेवर सांगत होते, तितक्या टाळ्या वाढत होत्या. अभियंत्यांनी पुढे येऊन त्यांचा हात हातात घेतला. जनसंपर्क अधिकारी कानाशी लागले, "साहेब, कमाल केलीत. हे मला सुचलं नसतं." आणि बायका आबांना घेरून उभ्या होत्या. "भाग्यवान आहात, आजोबा. पण आता त्या यंत्रांना हात लावू नका हं!" आबा कुणाकडेच न बघता मान हलवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा नेहमीसारखे फिरायला गेले. कोपऱ्यावरच्या नळाला हात घालणार, तोच एका बाईने लगबगीने पुढे येऊन तो बंद केला. "राहू द्या आजोबा, नळाचं आम्ही बघतो." पुढच्या नळावरही तेच. शाळेत निघालेली पोरं समोरून आली, पण 'नळआजोबा' अशी आरोळी कुणी ठोकली नाही. आबा अर्ध्या वाटेवरून परत आले.

साहेब अंगणातल्या नळावर बादल्या भरत होते. टाकी नव्हती, त्यामुळे आता सगळं पाणी हातानेच भरायचं होतं. आबांना लवकर आलेलं बघून ते उठून उभे राहिले.

"आबा, मी खरं सांगितलं होतं हो सगळ्यांना."

"ऐकलं मी," आबा म्हणाले. "इतकं छान बोललास, की घटकाभर मलाच वाटलं, मीच चालू ठेवली असेन."

साहेबांना वर बघवेना. शेवटची बादली भरली होती आणि नळ ठिबकत होता. आबा सवयीने दोन पावलं पुढे गेले, हात लांब केला आणि मधेच थांबले.

"तूच बंद कर, बाबा," ते म्हणाले. "लोक बघतायत."