मयताच्या तंबूचा घरक्रमांक

ज्या वर्षी पहिल्या पावलांच्या विधीत अनारकानच्या नातवाच्या पायांना बांधलेला दोरा कापला गेला आणि पोर अंगणात चार पावले चालून पडले, त्याच वर्षी सरकारच्या असे लक्षात आले की राजधानीतल्या परिचारिकेला आणि डोंगरातल्या कोकबेलच्या परिचारिकेला एकच पगार देणे अन्यायाचे आहे. अन्याय नेमका कोणावर होतो, हे परिपत्रकात नव्हते. उपाय मात्र होता. यापुढे सरकारी नोकराचा पगार त्या जिल्ह्यात घर किती परवडते यावरून ठरेल. घर महाग तिथे पगार जास्त, घर स्वस्त तिथे कमी. त्यासाठी 'घरपरवड निर्देशांक' नावाचा आकडा निर्माण करण्यात आला आणि तो मोजायला एक खाते. खात्याला इमारत हवी होती, म्हणून कोकबेलमधली परिचारिकांची जुनी वसाहत खात्याला देण्यात आली.

अनारकानला परिपत्रक आवडले. सव्वीस वर्षे ती जिल्हा रुग्णालयात मुलांच्या विभागात होती. वसाहत गेल्यावर ती आपल्या त्र्याऐंशी वर्षांच्या आईला, बत्मा आपांना, घेऊन एका इमारतीत दोन खोल्यांत भाड्याने राहत होती. तेवढ्यात खिंडीत बोगद्याचे काम निघाले, इंजिनियर आले आणि नऊ हजार सोम भाडे सतरा हजारांवर गेले. पगार बावीस हजार. घरमालक सज्जन होता. त्याने सांगितले की तो कोणालाही काढत नाही, फक्त भाडे वाढवतो. राहायचे की नाही ते मेच्या पहिल्या तारखेपर्यंत एजेंनी, म्हणजे ताईंनी, ठरवावे. म्हणजे निर्देशांकाप्रमाणे पगार वाढला तर खोल्या राहणार होत्या, नाही तर नाही. अनारकानने अर्ज भरला. चौदा एप्रिलला तपासनीस घर पाहायला येईल, असे उत्तर आले.

बारा एप्रिलला सकाळी चहा पिता पिता बत्मा आपा गेल्या.

तीन इमारतींनी मिळून घेतलेला लोकरीच्या नमद्याचा गोल तंबू तळघरात असे. शेजाऱ्यांनी तो काढला, अंगणात मुलांच्या झोपाळ्याजवळच्या मोकळ्या जागेत उभा केला, आपांना आत पडद्यामागे ठेवले. बायका आत बसून शोक गाऊ लागल्या, पुरुष बाहेर काठ्यांवर वाकून उभे राहिले, घोडी कापली गेली. कोकबेलमध्ये माणूस जन्मभर भाड्याच्या खोलीत राहिला तरी शेवटचे दोन-तीन दिवस त्याला तंबू मिळतो. त्या तंबूला आजवर कोणी घर म्हटले नव्हते.

चौदा तारखेला तपासनीस आला. तो सातिबाल्दी होता, अनारकानच्या मेलेल्या नवऱ्याच्या कुळातला, तिच्याहून आठ वर्षांनी लहान. तो कोपऱ्यापासूनच रिवाजाप्रमाणे मोठ्याने रडत आला, काठीवर वाकला, पुरुषांच्या गळ्यात पडला, आपांनी लहानपणी त्याला दिलेल्या सुक्या दह्याच्या गोळ्यांची आठवण काढून पुन्हा रडला. मग जेवला. हात धुतले, तोंडावरून फिरवले आणि पिशवीतून फॉर्म काढला.

"एजे, आजच करून टाकू. पुन्हा यायचं तर गाडीला पेट्रोल मिळत नाही."

त्याने वरच्या खोल्या पाहिल्या. त्या भाड्याच्या, म्हणून रकान्यात बसल्या. मग खिडकीतून खाली पाहिले.

"हा तंबू कोणाच्या ताब्यात आहे?"

"ताब्यात काय, सातिबाल्दी? माझी आई आहे त्यात."

"म्हणजे तुमच्याच. तपासणीच्या दिवशी जे उभं असेल ते लिहायचं असा नियम आहे. किती माणसं असतात?"

"एक."

"कायमची?"

"उद्या जायची आहे."

सातिबाल्दीने लिहिले: अर्जदाराकडे स्वतंत्र निवास, गावाच्या मध्यभागी, भाडे शून्य, हवा खेळती. सध्या वापर एक व्यक्ती. उद्यापासून रिकामा. सही करताना त्याचे डोळे पुन्हा भरून आले, आणि ते रडणे अगदी खरे होते.

तपासण्या वसंतात होत्या, आणि हिवाळा कसाबसा काढलेली म्हातारी माणसे वसंतातच जातात. जिल्ह्यात तपासनिसांना असे एकोणीस तंबू उभे दिसले. सगळे मोक्याच्या जागी, सगळे बिनभाड्याचे. बेरीज-भागाकार होऊन असे सिद्ध झाले की कोकबेल हा देशातला सर्वांत परवडणारा जिल्हा आहे. खात्याला मानपत्र मिळाले. परिचारिका, शिक्षक आणि टपालवाल्यांचा पगार सहा हजारांनी उतरला. पगार उतरल्यावर घरे आणखी परवडेनाशी झाली. पण मोजणी वर्षातून एकदाच होते, त्यामुळे ती परवडतच राहिली.

मेच्या पहिल्या तारखेला अनारकानच्या खोल्यांत बोगद्याचा एक मोजणीदार राहायला आला. तिने खाटा, ट्रंक आणि आईचा चहाचा समोवार मुलांच्या विभागाच्या कोठारात ठेवला आणि अपील केले. तंबू मयताचा होता, तो उतरवून तळघरात ठेवला आहे, असे तिने लिहिले. उत्तर लवकर आले. अर्जदाराने नोंदणीकृत निवास परस्पर उतरवून जिल्ह्याचा निवाससाठा घटवला आहे. पंधरा दिवसांत तो पूर्ववत उभा करावा, अन्यथा दंड.

तंबू पुन्हा उभा राहिला. दारावर पत्र्याचा घरक्रमांक ठोकण्यात आला. आणि उभा आहेच तर रिकामा कशाला, म्हणून अनारकान समोवारासह त्यात राहायला गेली. आईला जिथे ठेवले होते त्या बाजूला तिने काही मांडले नाही. भूगोलाच्या मास्तरीणबाईंनी भेटायला येऊन चुलीची, छताच्या झरोक्याची चौकशी केली आणि जाता जाता म्हणाल्या, "अनारकान एजे, आमच्या इमारतीत कोणी आजारीही नाही हो सध्या."

त्या सुमारास राजधानीच्या वर्तमानपत्रात छोटी बातमी आली: कोकबेलच्या परिचारिकेला गावाच्या मध्यभागी बिनभाड्याचे घर. ती वाचून महाग भाडे भरणाऱ्या पुष्कळ प्रामाणिक माणसांनी मान हलवली आणि म्हटले, सरकारी नोकरांची चैन आहे. खात्याने याची नोंद 'जनतेचे अनुकूल मत' अशी केली. पुढच्या कपातीला तो आधार झाला.

नोव्हेंबरात सातिबाल्दीचे वडील बेकमुरात वारले; वडीलधारे म्हणून गाव त्यांना 'बेकमुरात आता' म्हणे. तोही त्याच तीन इमारतींतला. तंबूत त्याची वर्गणी होती. बर्फ पडत होते. तो दाराबाहेर टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"एजे, आमचे आता गेले. तंबू हवाय."

अनारकानने त्याला आत घेतले, बसवले, चहा दिला, रीतीप्रमाणे रडली. मग म्हणाली, "ने की. मी कधी नाही म्हटलं? पण माझी इथे नोंद आहे. सोडून गेले तर दंड. तुझं खातं सोडल्याचा दाखला देईल का?"

दाखल्याचा फॉर्म सातिबाल्दीच्या पिशवीतच होता. निवास सोडण्याची कारणे त्यात दोनच होती: दुसऱ्या जिल्ह्यात बदली, किंवा राहणाऱ्याचा मृत्यू.

"मृत्यू तर झालाय," तो म्हणाला.

"राहणाऱ्याचा, सातिबाल्दी. राहते मी."

त्याने कागद उलटून मागची बाजूही पाहिली. बाहेर माणसे जमत होती. शेजारच्या गावचे तंबू मागवता आले असते, पण त्यांवरही आता घरक्रमांक होते आणि आत शिक्षक राहत होते.

"दुसरा फॉर्म नाही का?" अनारकानने विचारले.

होता. 'विद्यमान निवासात अतिरिक्त व्यक्ती.' सातिबाल्दीने तो गुडघ्यावर ठेवून भरला. नाव बेकमुरात, वय एक्क्याण्णव, निवृत्त मेंढपाळ, मुक्काम कायम. 'तीन दिवस' असा रकानाच नव्हता. त्याने शिक्का मारला. शिक्क्याची शाई गोठली होती, म्हणून त्याने त्यावर फुंकर घातली.

अनारकानने खाट उचलून भिंतीला लावली. आतांना तंबूतल्या पुरुषांच्या बाजूला ठेवण्यात आले. दोन दिवस ती स्वतःच्याच घरात बायकांबरोबर शोक गात होती, मधून उठून रुग्णालयात पाळी करून येत होती. तिसऱ्या दिवशी आतांना नेले. कुराण वाचून झाल्यावर सातिबाल्दी परत आला, तिचे दोन्ही हात हातांत घेऊन म्हणाला की हे उपकार तो विसरणार नाही.

"मग माझ्या आईच्या तंबूची ती नोंद खोडून दे," ती म्हणाली.

"एजे, ती खोडली तर आमचे आता कुठे राहतात असं विचारतील."

वसंतात पुन्हा मोजणी झाली. एका निवासात दोन व्यक्ती, भाडे शून्य, म्हणून माणशी खर्च शून्याच्याही खाली धरण्यात आला आणि पगार आणखी दोन हजारांनी उतरला. खात्याने या वेळी रहिवाशांचे समाधानही मोजले. तंबू क्रमांक एकमधून एक तक्रार आली, दुसऱ्या रहिवाशाची काहीही तक्रार नव्हती. सरासरी चांगली आली. हा आकडाही वर्तमानपत्रात छापून आला. तो ज्यांनी वाचला, त्यांतल्या एकानेही तो दुसरा रहिवासी कोण, असे विचारले नाही. आपण तरी कुठे विचारतो.

बत्मा आपा बारा एप्रिलला वारल्या. बेकमुरात आता त्याच वर्षी एकोणीस नोव्हेंबरला वारले, आणि खात्याच्या वहीत ते अजून अनारकानबरोबर राहतात.